घोडीची वंशावळ : काठियावाडी मातृवंश आणि नोंदींचे अर्थकारण

घोड्यांच्या बाजारात घोडी खरेदी करणारा मनुष्य प्रथम तिचे कान, पाय, चाल आणि अंगावरील भोवरे पाहतो. हे सर्व पाहून समाधान झाले की तो तिची आई कोणती, बाप कोणता आणि ती कोणाच्या घरची, हे विचारतो. पहिल्या प्रकारची माहिती डोळ्यांनी पडताळता येते. दुसऱ्या प्रकारची माहिती मात्र विक्रेत्याच्या शब्दावर स्वीकारावी लागते. घोडीची किंमत ठरविण्यात या दुसऱ्या माहितीचा वाटा मोठा असतो, आणि नेमकी तीच माहिती आपल्या देशातील बहुसंख्य देशी घोड्यांच्या बाबतीत लेखी स्वरूपात उपलब्ध नसते. पशुधन संवर्धनाच्या धोरणात या उणिवेचे महत्त्व किती आहे, हे सौराष्ट्रातील काठियावाडी घोडीच्या उदाहरणावरून समजून घेता येते.

मातेच्या नावाने चालणारा वंश

काठियावाडी ही सौराष्ट्र द्वीपकल्पातील घोड्यांची जात होय. आतल्या बाजूस वळलेले व टोकाशी एकमेकांना टेकणारे कान, किंचित अंतर्वक्र चेहरा, कोरड्या हवामानात तग धरण्याची क्षमता आणि रवाल चाल ही तिची ओळख मानली जाते. शेजारच्या मारवाडी जातीशी तिचे साम्य असले तरी दोन्ही जाती स्वतंत्रपणे नोंदलेल्या आहेत.

स्वातंत्र्यापूर्वी काठियावाडात लहानमोठी दोनशेहून अधिक संस्थाने होती. संस्थानिक आणि काठी दरबारांच्या घराण्यांनी आपापल्या पागा जोपासल्या आणि प्रत्येक घराण्याने विशिष्ट वंशाची पैदास केली. या वंशांना नाव मिळाले ते मूळ घोडीचे. परंपरेने असे अठ्ठावीस मातृवंश सांगितले जातात. अरबस्तानातील बदाऊन टोळ्यांमध्येही घोड्याचा वंश आईच्या बाजूने मोजण्याची प्रथा होती. मानवी समाजात पितृवंश प्रमाण मानणाऱ्या या समूहांनी घोड्यांसाठी मातृवंश का स्वीकारला, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या दृष्टीने रोचक आहे.

त्याचे उत्तर पडताळणीच्या खर्चात सापडते. घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो आणि शिंगरू तिच्या पोटी जन्मलेले सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. त्यामुळे आई कोण, याविषयी वाद संभवत नाही. बाप कोण, हे मात्र सांगणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असते. शिवाय पैदाशीचा नर गावोगावी नेता येतो, उसना देता येतो किंवा युद्धात मारला जातो. घोडी मात्र घरात राहते. कागद नसलेल्या समाजाने सर्वांत कमी खर्चात पडताळता येईल अशी कडी निवडली आणि तिच्यावर वंशाची साखळी उभी केली, असे म्हणता येईल.

मातृवंशाचा शास्त्रीय अर्थ

परंपरेतील या निवडीला शास्त्राचा कितपत आधार आहे, हे पाहताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. पेशीच्या केंद्रकातील जनुके शिंगराला आईकडून निम्मी आणि बापाकडून निम्मी मिळतात. या अर्थाने दोघांचा वाटा समान आहे. परंतु पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांमधील डीएनए केवळ आईकडून येतो, तर वाय गुणसूत्र केवळ बापाकडून मुलाकडे जाते. म्हणून आई, आजी, पणजी ही साखळी तंतुकणिकांच्या डीएनएवरून शेकडो वर्षे मागे तपासता येते. मातृवंशाचे नाव हे अशा प्रकारे खऱ्याखुऱ्या जैविक साखळीचे नाव ठरू शकते.

तथापि, नामांकित वंश म्हणजे उत्तम गुण, असे समीकरण मांडणे योग्य नाही. प्रत्येक पिढीत पूर्वजाचा सरासरी वाटा निम्मा होतो. पाचव्या पिढीतील पूर्वज घोडीचा वाटा बत्तिसावा भाग, तर दहाव्या पिढीतील मूळ घोडीचा वाटा केवळ १/१०२४, म्हणजे सुमारे ०.१ टक्का उरतो. तीच घोडी वंशावळीत अनेक ठिकाणी आलेली असल्यास हा वाटा वाढतो. पण त्याचबरोबर जवळच्या नात्यातील पैदाशीचे प्रमाणही वाढते. त्यामुळे मूळ घोडीच्या नावापेक्षा मधल्या तीन-चार पिढ्यांची तपशीलवार माहिती पैदासकाराला अधिक उपयोगी पडते.

वंशावळ : एक आर्थिक माहिती

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असममित माहितीचा सिद्धांत मांडला. मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत त्यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. विक्रेत्याला वस्तूचा दर्जा ठाऊक असतो आणि ग्राहकाला नसतो, तेव्हा ग्राहक सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या वस्तूचा मालक विक्रीस तयार होत नाही आणि बाजारात हलक्या वस्तू उरतात. यालाच प्रतिकूल निवड म्हणतात.

हा सिद्धांत घोडीच्या बाजाराला तंतोतंत लागू पडतो. केवळ स्पष्टीकरणासाठी असे समजू की, शुद्ध वंशाच्या घोडीचे मूल्य ४ लाख रुपये आणि दिसायला तशीच परंतु मिश्र वंशाच्या घोडीचे मूल्य १ लाख रुपये आहे, आणि बाजारात दोन्ही सम प्रमाणात आहेत. ग्राहक अडीच लाखांपेक्षा अधिक देणार नाही. शुद्ध वंशाच्या घोडीचा मालक तीन लाखांखाली विकण्यास तयार नसेल तर तो बाजारातून बाहेर पडेल. मग ग्राहकही हे ओळखून किंमत एक लाखावर आणेल. यात नुकसान केवळ एका मालकाचे होत नाही. चांगल्या घोडीला चांगली किंमत मिळत नसेल, तर तिला उत्तम नराकडे नेण्याचा, तिचा गर्भकाळ सांभाळण्याचा व शिंगरू वाढविण्याचा खर्च करण्यास कोणी धजावत नाही. परिणामी पुढच्या पिढीचा दर्जा घसरतो.

पुष्कर असो, नांदेड जिल्ह्यातील माळेगावची यात्रा असो की नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे दत्तजयंतीला भरणारा घोडेबाजार असो, देशी घोड्यांचा बराच व्यवहार आजही पाहणी, तोंडी ग्वाही आणि विक्रेत्याची पत यांवर चालतो. पत हा माहितीचा पर्यायच आहे. परंतु ती प्रस्थापित घराण्याकडे असते, नव्या किंवा लहान पशुपालकाकडे नसते. त्याची घोडी तितक्याच चांगल्या वंशाची असली तरी तिला कमी भाव मिळतो. वंशनोंदीचा प्रश्न या ठिकाणी समन्यायाचाही प्रश्न बनतो.

वंशनोंदवही हा त्यावरचा संस्थात्मक उपाय आहे. मात्र या वस्तूचे स्वरूप सार्वजनिक वस्तूसारखे आहे. एकाने नोंद वाचली म्हणून दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही. आईची नोंद असेल तरच मुलीच्या नोंदीला अर्थ येतो. म्हणून पहिल्या पिढीतील घोडी नोंदविणाऱ्याला खर्च करावा लागतो आणि लाभ मात्र तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या मालकाला मिळतो. पिढ्यांमध्ये विभागलेल्या अशा लाभाची किंमत बाजार आपोआप देत नाही. नोंदणीच्या आरंभीच्या काळात सार्वजनिक अर्थसाहाय्याचे समर्थन याच आधारावर करता येते.

शर्यतीच्या घोड्यांचा अनुभव

लेखी वंशनोंदीचे सर्वांत जुने व यशस्वी उदाहरण इंग्लंडमधील थरोब्रेड घोड्यांचे आहे. जेम्स वेदरबी यांनी १७९१ मध्ये जनरल स्टड बुकची प्राथमिक आवृत्ती प्रसिद्ध केली. या जातीचे सर्व नर पितृवंशाने बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपर्यंत जातात, ही गोष्ट सुपरिचित आहे. त्या मानाने मूळ घोड्या दुर्लक्षित राहिल्या. ऑस्ट्रेलियातील ब्रूस लो यांनी इंग्लंडमधील तीन प्रतिष्ठेच्या शर्यतींतील विजेत्यांवरून या मातृवंशांना क्रमांक दिले. त्यांच्या मृत्यूनंतर १८९५ मध्ये हे काम ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. क्रमांकांवरून यशाचे भाकीत करण्याची त्यांची पद्धत पुढे मागे पडली, पण मातृवंशांचे वर्गीकरण आजही वापरात आहे.

या इतिहासातील दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तंतुकणिका डीएनएच्या अभ्यासात असे आढळले की, एकाच मूळ घोडीची संतती म्हणून नोंदलेल्या काही शाखांचा डीएनए परस्परांशी जुळत नाही. म्हणजे दोनशे वर्षे काळजीपूर्वक ठेवलेल्या नोंदवहीतही आरंभीच्या काळात चुका शिरल्या होत्या. कागदाला प्रयोगशाळेची जोड लागते, हे त्यावरून स्पष्ट होते. भारतातील थरोब्रेड घोड्यांची नोंद पुणे येथील स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया ही संस्था ठेवते. शर्यतीच्या घोड्यांच्या बाबतीत आपल्या देशात ही व्यवस्था रुजलेली असताना देशी जातींच्या बाबतीत ती अपुरी राहिली, यामागे अर्थकारण आहे. शर्यतीचा उद्योग नोंदीशिवाय चालूच शकत नाही. लग्नाची वरात, सवारी आणि हौस यांचा व्यवसाय मात्र नोंदीशिवायही चालतो.

आश्रय संपल्यानंतर

१९४८ मध्ये काठियावाडातील संस्थाने एकत्र येऊन सौराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. १९५१ च्या सौराष्ट्र जमीन सुधारणा कायद्याने गिरासदारी पद्धतीचा पाया बदलला आणि १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने तनखे रद्द झाले. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ही पावले आवश्यक होती. परंतु ज्या पागा, चराऊ राने आणि दफ्तरे यांच्या आधारे मातृवंश टिकून होते, तो आधारही त्याबरोबर गेला. घोड्या विकल्या गेल्या आणि वंशाची माहिती जाणत्यांच्या स्मरणात उरली. पुढे गुजरात शासनाने जुनागढ व इणाज येथील पैदासकेंद्रांद्वारे आणि पैदासकारांच्या संघटनेने नोंदी व प्रदर्शनांद्वारे जात टिकविण्याचे प्रयत्न केले.

दरम्यान घोड्याची आर्थिक उपयुक्तता वेगाने घटली. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे ६.२५ लाख होती. २०१९ च्या २० व्या पशुगणनेत ही संख्या सुमारे ३.४ लाखांवर आली. सात वर्षांतील ही घट ४५.६ टक्के आहे. याच काळात देशातील एकूण पशुधन ४.६ टक्क्यांनी वाढून सुमारे ५३.५८ कोटी झाले. म्हणजे घट पशुपालनात सर्वत्र नाही. वाहतूक व शेतीकामातून बाहेर पडलेल्या प्राण्यांत ती केंद्रित आहे. खेचरांची संख्या ५७.१ टक्क्यांनी आणि गाढवांची ६१.२ टक्क्यांनी घटली, हेही याच दिशेने बोट दाखविते.

संख्या घटताना मातृवंश विशेष वेगाने नष्ट होतात. घोडी वर्षाला फार तर एक शिंगरू देते आणि त्यात मादी असण्याची शक्यता निम्मी असते. एखाद्या घोडीला आयुष्यात तीनच शिंगरे झाली तर तिन्ही नर असण्याची शक्यता १/८ आहे. तिची बहीण किंवा मावशी हयात नसेल, तर तेथे ती साखळी तुटते. उत्तम नर आणून किंवा पैसा ओतून ती पुन्हा जोडता येत नाही. वंशनोंद नसल्यास तर साखळी तुटल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

चौकट : प्रभावी समूहसंख्या कशी काढतात?

एखाद्या जातीत किती जनावरे आहेत, यापेक्षा पैदाशीत किती नर व किती माद्या भाग घेतात, हे महत्त्वाचे असते. नरांची संख्या व माद्यांची संख्या यांच्या गुणाकाराला चारने गुणून त्या दोन संख्यांच्या बेरजेने भागले असता प्रभावी समूहसंख्या मिळते.

उदाहरण १ : घोड्या १०००, पैदाशीचे नर १०. प्रभावी समूहसंख्या = (४ × १० × १०००) ÷ १०१० = सुमारे ४०.

उदाहरण २ : घोड्या १०००, पैदाशीचे नर ५०. प्रभावी समूहसंख्या = (४ × ५० × १०००) ÷ १०५० = सुमारे १९०.

अंतःप्रजननाची प्रतिपिढी वाढ म्हणजे १ भागिले प्रभावी समूहसंख्येची दुप्पट. पहिल्या उदाहरणात ती सुमारे १.२६ टक्के, तर दुसऱ्यात सुमारे ०.२६ टक्के येते. ही वाढ प्रतिपिढी १ टक्क्याहून कमी, म्हणजे प्रभावी समूहसंख्या किमान ५० असावी, हा संवर्धनातील सर्वसाधारण निकष आहे. एकाच बापाच्या, पण भिन्न आयांच्या नर-मादीपासून झालेल्या शिंगराचा अंतःप्रजनन गुणांक १२.५ टक्के, तर सख्ख्या भावंडांपासून झालेल्या शिंगराचा २५ टक्के असतो.

या गणिताचा व्यावहारिक अर्थ असा की, एखादा देखणा, पारितोषिकप्राप्त घोडा लोकप्रिय झाला आणि सर्वांनी आपल्या घोड्या त्याच्याकडेच नेल्या, तर हजार घोड्या असूनही जात आनुवंशिकदृष्ट्या जेमतेम चार जनावरांच्या कळपासारखी वागू लागते. घोडीची वंशावळ हाताशी असेल तर तिच्यासाठी नात्याने दूरचा नर निवडता येतो. वंशावळ नसेल तर सावत्र भावंडांचा संयोगही नकळत घडू शकतो.

घटनात्मक व संस्थात्मक चौकट

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४८ मध्ये पशुसंवर्धन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने संघटित करण्याचा आणि जातींचे जतन व सुधारणा करण्याचा निर्देश आहे. सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीच्या नोंद १५ नुसार पशुधनाचे जतन, संरक्षण व सुधारणा हा राज्यांचा विषय आहे. केंद्राची भूमिका संशोधन, मानके व अर्थसाहाय्य यांची राहते.

कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो ही संस्था देशी जातींची नोंदणी करते. भारतीय कृषी संशोधन परिषदेने ही नोंदणी व्यवस्था २००८ मध्ये सुरू केली आणि २०१९ पासून नोंदणीकृत जाती राजपत्रात अधिसूचित केल्या जातात. आनुवंशिक संसाधनांवरील देशाचा सार्वभौम हक्क प्रस्थापित करणे हा त्यामागील हेतू आहे. घोड्यांमध्ये काठियावाडी, मारवाडी, मणिपुरी, भुतिया, स्पिती, झंस्कारी व कच्छी-सिंधी या जातींबरोबर अलीकडे महाराष्ट्रातील भीमथडी जातीचीही नोंद झाली आहे. मराठ्यांच्या घोडदळाशी नाते सांगणारी ही घोडी पुणे, सोलापूर, सातारा व अहिल्यानगर परिसरातील धनगर समाजाने भटकंतीत सांभाळली.

येथे जातीची नोंदणी आणि जनावराची वंशनोंद यांतील फरक विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावा. पहिलीने जात मान्य होते. त्या जातीतील विशिष्ट घोडीची आई-आजी कोण, हे दुसरीनेच कळते. पहिल्या कामात भारताने चांगली प्रगती केली आहे. दुसरे काम अद्याप मोठ्या प्रमाणावर व्हावयाचे आहे.

हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर येथील परिसरात मे २०२३ मध्ये भ्रूण प्रत्यारोपणाद्वारे मारवाडी जातीचे मादी शिंगरू जन्मास आले. या तंत्राने उत्तम घोडीचे भ्रूण दुसऱ्या घोडीच्या गर्भाशयात वाढविता येतात आणि वर्षाला एक शिंगरू ही नैसर्गिक मर्यादा ओलांडता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय पशुधन अभियानात सुधारणा करून घोडा, गाढव, खेचर व उंट यांच्याशी संबंधित उद्योजकतेसाठी ५० टक्के भांडवली अनुदान, कमाल ५० लाख रुपयांपर्यंत, उपलब्ध केले. घोडा, गाढव व उंट यांची वीर्य केंद्रे व मूळ पैदासक्षेत्रे स्थापण्यासाठी १० कोटी रुपयांच्या साहाय्याचीही तरतूद केली. जुलै २०२५ मध्ये मेरठ छावणीतील रिमाउंट व्हेटरनरी कोअरच्या केंद्राला जागतिक पशु आरोग्य संघटनेने अश्वरोगमुक्त कक्ष म्हणून मान्यता दिली. घोड्यांच्या आंतरराष्ट्रीय ये-जा व व्यापाराच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची आहे.

पुढील दिशा

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, आरंभी नोंदवही खुली असली पाहिजे. आजच कागदपत्रांची अट घातली तर लहान पशुपालकांच्या आणि भटक्या समाजांच्या उत्तम घोड्या वगळल्या जातील. जातीची लक्षणे व डीएनए तपासणी यांच्या आधारे मूळ घोड्यांची नोंद करावी, काही पिढ्यांनंतर नोंदवही बंद करावी, हा मार्ग अधिक न्याय्य ठरतो. दुसरा असा की, तोंडी वंशावळींचे संकलन विलंब न लावता व्हावयास हवे. वृद्ध पैदासकारांच्या स्मरणातील आई-आजींची नावे त्यांच्याबरोबर लुप्त होतील. डीएनए नाते सांगेल, परंतु वंशाचे नाव व त्याच्या गुणांची परंपरा सांगू शकणार नाही.

तिसरा निष्कर्ष तंत्रज्ञानाविषयी आहे. भ्रूण प्रत्यारोपण निवडक पाच-दहा घोड्यांपुरते वापरले गेले तर उरलेले मातृवंश मागे पडून जातीचा पाया अरुंद होईल. दुर्मिळ मातृवंशांतील घोड्यांना प्राधान्य दिल्यास हेच तंत्र संवर्धनाचे साधन बनेल. कोणता मातृवंश दुर्मिळ आहे, हे नोंदीशिवाय ठरविता येणार नाही. त्यामुळे अनुदान, नोंदणी आणि डीएनए चाचणी या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जोडाव्या लागतील. चौथा असा की, नोंदीचा लाभ बाजारभावात दिसला पाहिजे. मान्यताप्राप्त घोडेबाजारांत त्वचेखालील सूक्ष्म चिप व वंशप्रमाणपत्र तपासण्याची सोय झाल्यास नोंदलेल्या घोडीला अधिक किंमत मिळेल आणि पशुपालक स्वतःहून नोंदणीकडे वळतील.

काठियावाडातील जुन्या घराण्यांनी मातृवंशांची साखळी राजाश्रयाच्या बळावर सांभाळली. लोकशाहीत ही जबाबदारी सार्वजनिक संस्था, पैदासकारांच्या संघटना आणि सामान्य पशुपालक यांच्याकडे आली आहे. २०२४ मध्ये सुरू झालेली २१ वी पशुगणना जातनिहाय संख्या सांगेल. त्या संख्येतील प्रत्येक घोडीमागे तिच्या आई-आजीची नोंद उभी करण्याचे काम त्यानंतरही शिल्लक राहील.

सरावासाठी प्रश्न

१. असममित माहिती व प्रतिकूल निवड या संकल्पना पशुधनाच्या बाजाराच्या संदर्भात स्पष्ट करा.

२. जातीची नोंदणी व वंशनोंद यांतील फरक सांगून दोन्हींचे संवर्धनातील महत्त्व विशद करा.

३. पैदाशीतील घोड्या ५०० व नर २० असल्यास प्रभावी समूहसंख्या किती येईल? (उत्तर : सुमारे ७७)

४. "वंशनोंदवही ही सार्वजनिक वस्तू आहे." या विधानाची चिकित्सा करा.